वारसा, बाजार आणि वस्ती : महाड-उमरठ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

ऐतिहासिक शहरांतील जुन्या वस्त्यांचे जतन आणि तेथील व्यापार यांत समतोल कसा साधावा, हा प्रश्न गेल्या काही दशकांत नगररचना, इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या सर्वच ज्ञानशाखांत चर्चिला गेला आहे. या चर्चेत साधारणतः दोन पक्ष दिसून येतात. पहिल्या पक्षाच्या मते व्यापार हा वारशाचा शत्रू होय. दुकाने, उपाहारगृहे आणि जाहिरातफलक जुन्या वास्तूंचे स्वरूप बिघडवतात, म्हणून त्यांना दूर ठेवणे इष्ट. दुसऱ्या पक्षाच्या मते उत्पन्नाविना कोणतीही वास्तू टिकत नाही. म्हणून वारसा पर्यटनाच्या बाजारात आणणे हाच त्याच्या रक्षणाचा मार्ग होय. दोन्ही पक्ष परस्परविरोधी भासत असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. वारसा म्हणजे वास्तू आणि व्यापार म्हणजे बाहेरून येणारी गोष्ट, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. प्रस्तुत लेखात याच गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे.

त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या तालुक्यांचा परिसर निवडला आहे. या छोट्या भूप्रदेशात रायगडावरील उद्ध्वस्त बाजारपेठ, सावित्रीकाठचे महाड शहर आणि नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी असलेले उमरठ हे गाव अशी तीन भिन्न स्थळे आहेत. पहिल्या ठिकाणी बाजाराचे अवशेष आहेत, पण बाजार नाही. दुसऱ्या ठिकाणी बाजार आहे, पण त्यास वारसा म्हणून ओळख नाही. तिसऱ्या ठिकाणी स्मृती आहे. मात्र तिच्याभोवती बाजारही नाही आणि पुरेशी उपजीविकाही नाही. समतोलाचा प्रश्न या तिन्ही ठिकाणी तीन निरनिराळ्या रूपांत उभा राहतो.

रायगडावरील बाजारपेठ : व्यापाराविना वारसा

६ जून १६७४ रोजी ज्या गडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या रायगडावर आजही सर्वाधिक लक्ष वेधून घेणाऱ्या अवशेषांत बाजारपेठेची गणना होते. रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर उभ्या असलेल्या, उंच जोत्यांच्या या दोन रांगा पाहताना नियोजनाची शिस्त स्पष्ट जाणवते. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती उंच बांधली, ही कथा सर्वश्रुत आहे. या वास्तू खरोखर दुकाने होत्या की अन्य कामाच्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि लोकस्मृतीने त्यांना ‘बाजारपेठ’ म्हणूनच जपले, ही गोष्ट स्वतःच अर्थपूर्ण आहे. राजधानीची कल्पना जनमानसाला बाजाराविना करता आली नाही, असा तिचा अर्थ होतो.

१८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यानंतर गड पडला आणि गडावरील वस्तीही विस्कटली. पुढे १८९५ च्या सुमारास लोकमान्य टिळकांनी चालविलेल्या चळवळीने समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न लोकांपुढे आणला. म्हणजे आधुनिक काळात रायगडाच्या जतनाची सुरुवात लोकवर्गणीतून झाली. शासनयंत्रणा नंतर आली. आज रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९९६ पासून रज्जुमार्ग सुरू झाल्याने गडावर जाणे वृद्ध व अशक्त माणसांनाही शक्य झाले. २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन होऊन गड, पाचाड आणि परिसरासाठी ६०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा आराखडा हाती घेण्यात आला. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यांत रायगड आहे.

या सर्व घडामोडींचे स्वागतच व्हावयास हवे. परंतु त्यांत एक विसंगती आहे. गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी धनगर कुटुंबे येणाऱ्यांना ताक, पिठले-भाकरी देत आली आहेत. जतनाच्या परिभाषेत त्यांचे स्थान नेमके कोणते? ती ‘अतिक्रमण’ आहेत, की गडाच्या सलग वस्तीचा अखेरचा दुवा आहेत? प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित मानले जाते. हा नियम दगडाचे रक्षण उत्तम करतो. मात्र रज्जुमार्गाची तिकीट-खिडकी आणि ताक विकणारी वृद्धा यांतील भेद पाहण्याचे साधन या अंतराच्या हिशेबात नाही. दोन्ही ‘व्यापार’च, परंतु एकातील उत्पन्न भांडवलाकडे जाते, तर दुसऱ्यातील त्याच मातीत राहते. समतोलाचा विचार करताना व्यापार किती, या प्रश्नाइतकाच व्यापार कोणाचा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातील काही किल्ले पर्यटनविकासासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या निर्णयावर राज्यभर तीव्र प्रतिक्रिया उमटली. शिवकालाशी निगडित संरक्षित किल्ल्यांना हा निर्णय लागू नसून तो दुसऱ्या वर्गातील किल्ल्यांपुरता आहे, असा खुलासा शासनास करावा लागला. या वादात भावना प्रबळ होत्या आणि त्या समजण्याजोग्या आहेत. परंतु वर्गवारीचा हा खुलासाच चिकित्सेस पात्र आहे. एखादा किल्ला ‘पहिल्या वर्गात’ आहे म्हणून तेथे बाजार निषिद्ध आणि ‘दुसऱ्या वर्गात’ आहे म्हणून तेथे विवाहसोहळेही चालतील, या मांडणीत वारशाचे मूल्य केवळ एका थोर नावाशी असलेल्या नात्यावर मोजले गेले. किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या गावाचा त्या किल्ल्यावर काही हक्क आहे का, हा प्रश्न दोन्ही वर्गांत अनुत्तरित राहिला.

महाड : वारशाविना बाजार

रायगडावरून उतरून महाडला आले की चित्र पालटते. सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळ वसलेले हे शहर खाडीमार्गे चालणाऱ्या व्यापाराचे जुने ठाणे होय. घाटांनी उतरणारा माल येथे होड्यांत चढे आणि बाणकोटकडे जाई. शहरालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी या मार्गाची प्राचीनता सांगतात. पेशवाईच्या अखेरीस १७९६ मध्ये नाना फडणविसांचे राजकारण महाडातून चालले. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले तेव्हा त्याची वाटही महाडवरूनच गेली. म्हणजे महाडचा इतिहास हा मूलतः पेठेचा इतिहास होय. येथे व्यापार वारशावर आक्रमण करीत नाही. व्यापार हाच येथील वारसा आहे.

मात्र या पेठेच्या इतिहासाला दुसरी, अधिक कठोर बाजू आहे. बोले ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे धोरण मुंबई विधिमंडळाने स्वीकारले आणि १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेसाठी पाणीदेखील ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात प्रवेश होणार अशी अफवा पसरवून प्रतिनिधींवर हल्ले झाले. डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी स्थानिक दुकानदारांनी सामान देण्याचे नाकारले आणि सर्व शिधा बाहेरून आणावा लागला. परिषदेसाठी जागा दिली ती एका मुस्लिम गृहस्थाने.

या घटना वारसा आणि व्यापार यांच्या चर्चेत सहसा येत नाहीत. त्या येथे सांगण्याचे कारण असे की, ‘जुनी पेठ’ म्हणताच मनात उभे राहणारे रम्य चित्र अपुरे आहे. पेठ ही जशी देवाणघेवाणीची जागा, तशीच ती वगळण्याचीही जागा होती. कोणाला माल विकावा आणि कोणाला विकू नये, हे ठरविण्याची सत्ता तिच्याकडे होती. त्यामुळे महाडच्या पेठेचे जतन म्हणजे केवळ तिच्या लाकडी सज्ज्यांचे आणि कौलारू छपरांचे जतन असू शकत नाही. तेथे काय घडले याची प्रामाणिक नोंद हा त्या जतनाचा गाभा असावयास हवा.

चवदार तळ्याच्या खटल्यातून जतनविचाराला मिळणारा धडा तर याहून मूलगामी आहे. तळ्यावर अनादि काळापासून एकट्या स्पृश्यांचाच वहिवाटीचा हक्क आहे, असा प्रतिवादींच्या विरोधात गेलेल्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. जुनेपणाचा दावा हा आपोआप हक्क होत नाही. तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो आणि त्यातून कोणाचे नुकसान होते हेही पाहावे लागते, हे सूत्र या प्रकरणातून हाती येते. वारशाच्या नावाने केल्या जाणाऱ्या प्रत्येक दाव्याला हीच कसोटी लावणे आवश्यक आहे. ‘पूर्वापार चालत आले’ हे उत्तर महाडमध्ये तरी पुरेसे मानता येणार नाही.

आज महाडमध्ये चवदार तळे व क्रांतिस्तंभ येथे दरवर्षी मार्च आणि डिसेंबरमध्ये मोठा जनसमुदाय येतो. या दिवसांत पुस्तके, प्रतिमा, खाद्यपदार्थ यांची विक्री होते. हा व्यापार स्मृतीचा अवमान करतो काय? पुस्तकांच्या रांगा पाहिल्या तर उलट म्हणावे लागेल. ज्या शहरात एके काळी शिधा विकण्यास नकार मिळाला, तेथेच आज विक्रेता आणि ग्राहक या दोन्ही नात्यांनी उभे राहणे, हा त्या स्मृतीचाच विस्तार होय.

पूर, पुनर्बांधणी आणि नियमांची मर्यादा

महाडच्या जुन्या पेठेसमोरचे सर्वांत मोठे संकट पर्यटनाचे नसून पाण्याचे आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तालुक्यातील जुई, दासगाव आदी गावांवर दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली आणि त्याच सुमारास महाडची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली गेली. पुरानंतर व्यापाऱ्यापुढील निवड ऐतिहासिकतेची नसते. दुकान पुन्हा केव्हा उघडता येईल, याची असते. कूज लागलेले लाकूड काढून सिमेंटचा खांब उभा करणे हा त्याच्या दृष्टीने विवेकी निर्णय ठरतो.

अशा वेळी महानगरांत घडलेले नियम जसेच्या तसे लागू केले तर काय होईल? मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली व वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी झाली. बांधकामावर मर्यादा आल्याने होणारे नुकसान भरून काढण्यासाठी मालकास हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची तरतूदही झाली. दादाभाई नौरोजी मार्गावर दुकानांच्या फलकांना शिस्त लावण्याचा उपक्रम व्यापाऱ्यांच्या सहभागाने यशस्वी झाला आणि त्यास २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. ही उदाहरणे अनुकरणीय खरी. परंतु विकास हक्कांना किंमत येते ती जमिनीच्या चढ्या भावांमुळे. महाडसारख्या शहरात त्या हक्काला खरेदीदार मिळेलच याची शाश्वती नाही आणि उमरठसारख्या गावात तर तो निरर्थकच ठरेल. भरपाईविना निर्बंध लादले गेले तर जतनाचा सर्व भार त्या एकट्या घरमालकाच्या शिरावर पडतो. त्याचा परिणाम सर्वत्र सारखाच असतो. वास्तूची देखभाल थांबते, ती मोडकळीस येते आणि मग धोकादायक ठरवून पाडली जाते.

म्हणून लहान शहरांतील वारसा नियमांचा आरंभ दर्शनी भागापासून न होता जोत्यापासून व्हावा, असे सुचवावेसे वाटते. पूररेषेचा विचार करून जोते उंच करण्याची मुभा, वरच्या मजल्यावर माल साठविण्याची सोय, लाकूडकामाच्या दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि घरपट्टीत सवलत, ही साधने नगरपालिकेच्या आवाक्यातील आहेत. युनेस्कोने २०११ मध्ये स्वीकारलेल्या ऐतिहासिक नागरी भूदृश्याविषयीच्या शिफारशीतही सुट्या वास्तूंऐवजी भूगोल, जल, वस्ती आणि व्यवहार यांसह समग्र परिसराचा विचार अभिप्रेत आहे. इटलीतील बोलोन्या शहराने १९७० च्या दशकात जुन्या वस्त्यांच्या दुरुस्तीबरोबर तेथील मूळ रहिवासी तेथेच राहावेत, हे धोरणाचे उद्दिष्ट मानले होते. याउलट व्हेनिसवर २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्या प्रवाशांकडून ५ युरो प्रवेशशुल्क आकारण्याची वेळ आली. वास्तू राहिल्या आणि रहिवासी घटले, तर शहराचे रूपांतर तिकिटाच्या स्थळात होते, हे या दोन शहरांच्या तुलनेवरून दिसून येते.

उमरठ : बाजाराविना स्मृती

पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले उमरठ हे ऐतिहासिक शहर नाही. तरीही या चर्चेत त्याचे स्थान मध्यवर्ती आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी मालुसरे धारातीर्थी पडले. त्यांचे पार्थिव ज्या वाटेने कोकणात आणले गेले, तिला मढे घाट हे नाव पडले अशी परंपरा आहे. उमरठला त्यांची आणि शेलारमामांची समाधी आहे. जानेवारी २०२० मध्ये प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाने तानाजींचे नाव देशभर पोहोचविले. चित्रपट हाही व्यापारच होय. स्मृतीचे आर्थिक मूल्य किती मोठे असू शकते, हे त्याने दाखवून दिले. परंतु त्या मूल्यातील किती अंश स्मृती जपणाऱ्या गावापर्यंत पोहोचतो?

पोलादपूर परिसरातील कुटुंबांचा मुंबईशी असलेला संबंध पिढ्यांचा आहे. घरटी एखादा माणूस चाकरमानी आणि गावी वृद्ध, अशी स्थिती या पट्ट्यात सामान्य आहे. समाधीची झाडलोट, पुण्यतिथीचा उत्सव, वाटेची डागडुजी ही कामे गावकरी करीत आले ती कोणत्याही योजनेविना. जतनाचा खरा खर्च असा न दिसणाऱ्या श्रमात असतो. पर्यटक वाहनाने येऊन दर्शन घेऊन परतला तर गावाच्या वाट्याला धूळ आणि कचरा येतो. तोच प्रवासी एक दिवस राहिला, नाचणीची भाकरी जेवला, गावातील जाणत्या माणसाबरोबर घाटवाट चालला, तर स्मृती आणि उपजीविका एकमेकींस आधार देतात. येथे व्यापाराची मर्यादा ठरविण्याआधी व्यापाराची सुरुवात कोणी करावी, हे ठरवावे लागेल. बाहेरच्या भांडवलाने समाधीशेजारी विश्रामगृह उभारण्याआधी गावाच्या ग्रामसभेला आपले नियम करण्याचा अवसर मिळाला पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. गावकऱ्यांच्या हाती व्यापार दिला म्हणजे वारसा सुरक्षित राहील, हे कशावरून? स्थानिक माणूसही जुने घर पाडतो, समाधीभोवती चकचकीत फरशी बसवतो. हा आक्षेप रास्त आहे. आणि महाडचा १९२७ चा अनुभव सांगतो की, ‘स्थानिक’ हा शब्द नेहमीच न्यायाचा पर्याय नसतो. गावातही कोणाचे म्हणणे ऐकले जाते आणि कोणाचे नाही, हा प्रश्न उरतोच. म्हणून स्थानिक मालकी ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. तिच्या जोडीला पुरातत्त्वज्ञांचे मार्गदर्शन, वास्तूंचे दस्तऐवजीकरण आणि सर्व समाजघटकांचे प्रतिनिधित्व असावयास हवे. दस्तऐवजीकरणाचे काम परिसरातील महाविद्यालये सहज करू शकतात. इतिहास, भूगोल आणि वाणिज्य या विभागांनी मिळून पेठेतील प्रत्येक जुन्या घराची, त्याच्या व्यवसायाची आणि पुरातील पाण्याच्या उंचीची नोंद केली, तर कोणत्याही भावी नियमावलीला ठोस आधार मिळेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, व्यापार आणि वारसा यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणारी प्रचलित मांडणी अपुरी आहे. रायगडावर व्यापार नाहीसा झाल्याने बाजारपेठ अवशेष बनली. महाडमध्ये व्यापार टिकल्याने पेठ जिवंत आहे, परंतु तिची ओळख आणि तिचे पाप दोन्ही नोंदविले गेलेले नाहीत. उमरठमध्ये स्मृती आहे, पण ती जपणाऱ्यांच्या पोटाची चिंता धोरणात नाही. तिन्ही ठिकाणी तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. या व्यापारातील उत्पन्न कोठे जाते? ज्याला वारसा म्हटले जाते, त्यात कोणाला वगळले गेले होते? आणि जतनाचा भार कोण वाहतो? या प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय केलेला समतोल हा दगड आणि तिकीट यांच्यातील समतोल ठरेल. माणूस त्याच्या बाहेरच राहील.

जागतिक वारसा यादीत रायगडाचे नाव नोंदले गेल्याने या परिसरात येणाऱ्यांची संख्या वाढण्याची आणि त्याबरोबर जमिनींचे व्यवहारही वाढण्याची शक्यता आहे. नियम करण्याची वेळ गर्दी येण्यापूर्वीची असते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये एक उत्तम ठराव केला आणि अंमलबजावणी केली नाही. १९२७ मध्ये तो ठराव मागेही घेतला. त्या तळ्याचे पाणी खुले होण्यासाठी पुढे लोकांना सत्याग्रह आणि दहा वर्षांचा न्यायालयीन लढा द्यावा लागला. वारसा धोरणांबाबत तरी या शहराने ठराव आणि अंमलबजावणी यांतील ते अंतर पुन्हा पडू देऊ नये, एवढी अपेक्षा अनाठायी ठरू नये.